तुझ्या प्रश्नाबद्दल

चिऊ,

परवा रात्री तू विचारलंस, "आई, तुमच्याकडे खोल्या नव्हत्या म्हणून तुम्ही सगळे एकत्र झोपायचात ना? आपल्याकडे तर आहेत. मग मी का तुमच्याजवळ?" वर्गात कुणी तरी म्हणालं म्हणे, आठ वर्षांची मुलं आईबाबांपाशी झोपत नाहीत. मी "उद्या बोलू" म्हणून दिवा मालवला. लागलं गं जरा.

खोल्या नव्हत्या, हे खरंच. पाटणच्या घरात सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि परड्याकडची अंधारी खोली. आम्ही पोरं माजघरात ओळीनं, माझ्या आजीच्या हातच्या वाकळांवर. पण आजीचं कारण वेगळं होतं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा मोठा भूकंप झाला. अंधारात तिनं पोरं चाचपून बाहेर काढली, तर एक कमी. तो परड्याकडच्या खोलीत निजलेला. सापडला, धडधाकट होता. पण त्यानंतर त्या खोलीत फक्त कांदे आणि सरपण.

माझ्या लहानपणीही बारीक धक्के बसायचेच. मांडणीवरची भांडी किणकिणली की आजीचा खरखरीत हात आमच्या पावलांवरून फिरायचा. एक, दोन, तीन, चार. आम्ही जागे असूनही डोळे मिटून पडायचो, मोजून घ्यायला. १९९३ मध्ये किल्लारी झालं, तेव्हा मी चौथीत होते. मग तर अंथरुणंच अंगणात गेली.

सगळं गोड होतं असं नाही हं. दादाची दहावी, म्हणजे वर्षभर डोळ्यांवर दिवा. रडायचं तर वाकळ तोंडात धरून. तुझे आजी-आजोबा आपसात दोन शब्द कधी बोलले असतील, देव जाणे! आणि मी पुण्याला हॉस्टेलला गेले, तर एकटीला आठवडाभर झोप नाही. हे चांगलं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

इथे लीड्समध्ये जमीन हलत नाही. तुला जवळ घेते ते तुझ्यासाठी की माझ्यासाठी, हे बाबानंही विचारलंय. मी उत्तर दिलेलं नाही.

शनिवारी तुझा पलंग वेगळ्या खोलीत लावू. नको वाटलं तर परत ये, कुणी हसणार नाही. फक्त मोजे घालून झोपू नकोस. रात्री हात लावला की पाऊल आहे की उशीचं टोक, कळत नाही.

आई