पूर्ण ड्राय वाइन चाखताना

पहिल्या घोटाला तोंड वाकडे झाले, एवढ्यावरून वाइन वाईट ठरवू नका. पूर्ण ड्राय वाइनमध्ये यीस्टने द्राक्षरसातील जवळजवळ सगळ्या साखरेचे अल्कोहोल केलेले असते आणि लिटरमागे साधारण 1 ग्रॅमहून कमी साखर उरते. नवख्यांची गल्लत अशी होते, की फळाचा वास आला की ते वाइनला गोड म्हणतात, आणि टॅनिनमुळे, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतल्या तुरट द्रव्यामुळे, कच्चे जांभूळ चावल्यासारख्या हिरड्या आवळल्या की त्यालाच ड्राय समजतात. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. मग जी गोडी जाणवेल तीच साखरेची.

सुरुवात फ्रान्समधील लुआर नदीच्या मुखाकडच्या मस्कादे या पांढऱ्या वाइनने करावी, कारण तिचा गंध सौम्य असल्याने आंबटपणा स्वच्छ कळतो. त्यानंतर स्पेनमधील हेरेसची फिनो शेरी ही ड्राय वाइन घ्या: पिंपात तिच्यावर यीस्टची साय धरते, ती हवा अडवते, आणि सुमारे 15 टक्के अल्कोहोलच्या त्या वाइनला बदाम, कच्ची कणीक व किंचित खारेपणाची चव येते. सोबत आपल्या खानापूरकडचे खारे काजू ठेवा. दोन्ही वाइन 8 ते 10 अंशांवर असाव्यात. एप्रिलमधल्या बेळगावात ग्लास अर्धाही भरू नये, थोडी थोडी ओतावी.

चाखण्यापूर्वी कुंदा, ही बेळगावची दुधाची मिठाई, मात्र खाऊ नका. मी एकदा खाल्ला होता, आणि उत्तम मस्कादे मला निव्वळ व्हिनेगर वाटली.