आजोबांचे पाइप प्रदर्शनात नेताना

प्रश्न : आजोबांचे तंबाखू ओढायचे, ब्रायर लाकडाचे तीन पाइप घरात आहेत, एकाला चांदीचं कडं आहे. मुलीकडे शिकागोला जाणार आहोत. तिथे पाइप संग्राहकांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा दाखवावेत म्हणतो. आधी चकचकीत करून न्यावेत का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : चकचकीत तर मुळीच नको! पॉलिश पेपर किंवा बफिंगने लाकडावरचा बनवणाऱ्याचा शिक्का झिजतो, आणि संग्राहक आधी तोच पाहतात. मऊ कोरड्या कापडाने पुसा, बस. तोंडात धरायची काळी नळी हिरवट-पिवळी पडली असेल तर ते व्हल्कनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, ऑक्सिडेशन. उजेडाने होतं, तसंच राहू द्या. नळी काढताना तिला जोडलेला लाकडी दांडा मुठीत धरून सावकाश उजवीकडे फिरवा. अडली तर जोर नको, आतला खुंट मोडतो.

कड्यावर भिंग धरा, चांदी कुठे तपासली त्याचे छाप दिसतील. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड लंडन, मुकुट घातलेली हार्प (तारांचं वाद्य) डब्लिन. शेजारच्या अक्षरावरून साल निघतं, पण ते चांदीचं. कडं दुरुस्तीत नंतर बसवलेलं असू शकतं. नळीवरचा पांढरा ठिपका डनहिल या पाइप कंपनीची खूण खरी, पण नळ्याही बदलल्या जातात. लाकडावर नाव हवंच.

तिथे दुसऱ्याचा पाइप विचारल्याशिवाय उचलू नका. उचललात तर तंबाखू भरायच्या वाटीला धरा, आणि गंमत म्हणूनसुद्धा तोंडाला लावू नका. विकायचे नसतील तर पहिल्याच वाक्यात सांगा. मग मंडळी मोकळेपणाने माहिती देतात. शिक्क्यांचे जवळून काढलेले फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि पाइप मोज्यात गुंडाळून हातातल्या बॅगेत.