‘एकूण रुग्णसंख्या’ घटते का?

ऐरोलीच्या एका ताईंना करोनाकाळातली कात्रणं लावताना ‘जगातील एकूण रुग्णसंख्येत घट’ असा मथळा सापडला. त्या विचारतात, हे मराठी बरोबर आहे का? आणि ‘लाट ओसरली’ म्हणावं की ‘लाट संपली’?

ताई, ‘एकूण’ला ‘घट’ चालत नाही. एकूण म्हणजे साथ सुरू झाल्यापासून आजवर नोंदलेले सगळे, बरे झालेले आणि दगावलेलेही त्यात आलेच. हा आकडा वाढतो, फार तर थबकतो. जगात तो एप्रिल २०२० च्या सुरुवातीला १० लाखांवर गेला, जूनअखेरीस १ कोटीवर, जानेवारी २०२१ अखेरीस १० कोटींवर. पुढे एप्रिल २०२१ च्या शेवटी रोज ८ लाखांहून जास्त नवे रुग्ण नोंदले जात होते. जूनच्या मध्याला ते ४ लाखांच्या खाली आले. तरी त्याच दीड महिन्यात एकूण आकडा १५ कोटींवरून १७ कोटींच्या पुढे गेला. म्हणून नवे रुग्ण घटतात, एकूण संख्येची वाढ मंदावते. (‘सक्रिय रुग्ण’ मला खटकतं. अंथरुणाला खिळलेला माणूस सक्रिय कसला? ‘उपचाराधीन’ म्हणावं.)

तेव्हा नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या फळ्यावर रोज संध्याकाळी मी आकडे लिहायचो. एका सोमवारी लिहिलं, ‘रुग्णसंख्या घटली’. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी कठड्याला धरून विचारलं, “म्हणजे तेवढी माणसं बरी होऊन घरी आली का रे?” खडू माझ्या हातातच राहिला. रविवारी चाचण्याच कमी झाल्या होत्या. ‘घटली’ पुसून मी ‘काल नोंद कमी’ असं लिहिलं. ‘नोंद’ हा शब्द तेव्हापासून मी सोडलेला नाही.

आता ‘ओसरणे’. ताप उतरतो, पुराचं पाणी ओसरतं. काटेकोर बोलायचं तर लाट फुटते, ओसरतं ते पाणी; पण हा प्रयोग रुळला आणि मला तो मनापासून आवडतो. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला ओहोटीला खाडीचा काळा चिखल उघडा पडतो, म्हणून खाडी आटली असं कुणी म्हणत नाही. भरती परत येणार, हे त्या शब्दातच असतं. ‘संपली’त ते नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याकडे कित्येकजण ‘संपली’ म्हणत होते, आणि मे महिन्यात देशात एका दिवसाची नोंद ४ लाखांच्या वर गेली.

तेव्हा कात्रणाखाली टीप लिहिणार असाल, तर ‘एकूण’च्या जागी ‘दैनंदिन’ करा आणि लाट ‘ओसरली’च ठेवा.