पाऊस सुरू झाला की मुलगा घाबरतो, शाळेत जात नाही. त्याला मुंबईला मामाकडे ठेवावे का?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे घर चिपळूणला आहे आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात तुम्ही सर्वांनी रात्र शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर काढली, तेव्हा तुमचा मुलगा पाच वर्षांचा होता. आता तो नऊ वर्षांचा आहे. आभाळ भरून आले की त्याचे पोट दुखते, तो शाळेत जात नाही, रात्री दहा-पंधरा वेळा ‘पाणी येईल का?’ असे विचारतो आणि तुम्ही शेजारी असल्याशिवाय झोपत नाही. त्याचे बाबा याला लाड म्हणतात, आजी दृष्ट काढतात, आणि त्याला मुंबईला मामाकडे शिकायला पाठवावे का, असा तुमचा शेवटचा प्रश्न आहे.

मी डॉक्टर नाही. मी दापोली तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले तेव्हा माझी मुलगी सात वर्षांची होती. आम्ही माजघरात बसलो होतो आणि पडवीवरची कौले एकेक करून उडत होती. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झालेल्या होत्या. त्यानंतर वर्षभर वारा सुटला की ती माझा पदर सोडत नसे. त्या वर्षात मी जे केले ते सगळे मायेपोटी केले, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींनी तिची भीती वाढवली. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

ती विचारायची, ‘आई, वादळ येणार का?’ आणि मी म्हणायची, ‘नाही गं, काही होत नाही.’ दहा मिनिटे शांततेत जायची आणि तोच प्रश्न पुन्हा यायचा. ज्या घराचे छप्पर तिच्या डोळ्यांदेखत उडाले होते त्याच घरात बसून मी तिला काही होत नाही असे सांगत होते, आणि ते खरे नाही हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते. शिवाय प्रत्येक वेळी माझ्या उत्तराने तिला क्षणभर सुटल्यासारखे वाटायचे, म्हणून पुढच्या वेळी तिला ते उत्तर आणखी लवकर हवे असायचे. वाऱ्याच्या दिवशी मी तिला घरी ठेवले, खिडक्या लावून घेतल्या, तिच्या अंथरुणात झोपले. भीतीपासून पळाल्यावर जो सुटकेचा निःश्वास येतो, त्यातून मुलाचे शरीर एवढेच शिकते की पळालो म्हणून वाचलो. न पळताही ती भीती थोड्या वेळाने आपोआप उतरते, हे शिकण्याची संधी त्याला मिळतच नाही.

पुढे रत्नागिरीला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. मुलगी काय करते हे त्यांनी थोडक्यात ऐकले आणि बराच वेळ मला विचारले, ‘ती घाबरली की तुम्ही काय करता?’ मला तो प्रश्न तेव्हा दोषारोपासारखा वाटला होता. तो तसा नव्हता, हे नंतर वाचल्यावर कळले. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एली लेबोविट्झ या मानसशास्त्रज्ञांनी चिंताग्रस्त मुलांच्या केवळ पालकांना बारा आठवडे मार्गदर्शन करण्याची पद्धत बसवली आहे. मूल उपचाराला येतच नाही, पालक आपले वागणे बदलतात. १२४ मुलांच्या अभ्यासात ही पद्धत मुलांवर थेट केलेल्या उपचाराइतकीच उपयोगी ठरली. मला यातून मोठा धीर आला, कारण तिची भीती माझ्या हातात नव्हती, माझे उत्तर मात्र होते.

तेव्हा सुरुवात रात्रीच्या प्रश्नापासून करा. दिवसा, पाऊस नसताना, त्याला जवळ घेऊन सांगा की मी तुझ्या प्रश्नाला रोज एकदा नीट आणि खरे उत्तर देईन, त्यानंतर तोच प्रश्न आला तर तो तुझी भीती विचारते आहे असे मी समजेन. आम्ही यासाठी दिवेलागणीनंतरची दहा मिनिटे ठरवली होती. त्या वेळात तिने हवे ते विचारावे, मी टाळायचे नाही. त्यानंतर मी फक्त म्हणायची, ‘तुला भीती वाटते आहे हे मला कळते आहे, आणि तू ती सहन करू शकतेस हेही मला ठाऊक आहे.’ या वाक्याचे दोन्ही भाग लागतात. नुसता पहिला म्हटला तर मूल आणखी घाबरते, आणि नुसता दुसरा म्हटला तर त्याला एकटे पडल्यासारखे वाटते. पहिले चार-पाच दिवस तो जास्त रडेल, कदाचित रागावेलही. माझ्या मुलीने तर मला ‘तू आता माझी आई नाहीस’ असे म्हटले होते, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते. दुसऱ्या आठवड्यात प्रश्न तीन-चारवर आले.

मग पायऱ्या. ही कल्पना जुनी आणि तपासलेली आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या लहान मुलाला त्याचा आवडता खाऊ देत असताना ससा दररोज थोडा थोडा जवळ आणला, आणि शेवटी तो सशाला हात लावू लागला. तुमच्या मुलाच्या पायऱ्या त्याच्याशी बोलून ठरवा. पहिल्या दिवशी पडवीत खुर्ची टाकून पागोळ्या पडताना पाच मिनिटे बसणे. मग छत्री घेऊन अंगणात. मग भर पावसात कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणणे. मग उघडिपीच्या दिवशी बाबांबरोबर वाशिष्ठीच्या पुलावर जाऊन पाणी पाहणे. प्रत्येक पायरीवर भीती निम्मी होईपर्यंत थांबायचे, मध्येच घरी पळायचे नाही, आणि तीच पायरी कंटाळा येईपर्यंत पुन्हा करायची. कंटाळा हे फार चांगले लक्षण आहे. नदी वाढलेली असताना तिच्याजवळ जाणे हा सराव नव्हे, तो धोका आहे, हेही त्याला याच वेळी सांगा.

पोटदुखीविषयी एक गोष्ट मनापासून सांगते: ते दुखणे खोटे नसते. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढते, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळते, आणि मुलाला खरोखर कळा येतात. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. त्यांनी काही नाही म्हटले, तर ताप किंवा उलटी नसलेल्या दिवशी त्याला शाळेत पाठवा, कारण एक दिवस घरी राहिले की दुसऱ्या दिवशीचा उंबरठा आणखी उंच होतो. वर्गशिक्षिकांशी आधीच बोला. सुरुवातीला दोन तास बसला तरी चालेल, पण रोज जायला हवा, आणि पोट दुखले म्हणून शाळेने त्याला लगेच घरी पाठवू नये. माझ्या वर्गातही अशी मुले येतात. त्यांना मी खिडकीपासून दूर बसवत नाही, पण घाबरल्यावर फुंकणीने चूल फुंकतात तसा लांब, सावकाश श्वास सोडायला शिकवते. श्वास सोडण्याचा वेळ वाढला की हृदयाची धडधड खरोखर मंदावते.

त्याच्या बाबांचे म्हणणे चुकीचे असले तरी त्यांच्या मनातली काळजी मला समजते. एवढेच सांगा की चार-पाच वर्षांची मुले अंधाराला घाबरतात, पण आठ-नऊच्या वयात अपघात, मृत्यू, पूर ही खरी संकटे कळू लागतात, आणि तुमच्या मुलाने त्यातले एक पाहिलेले आहे. रागावून ही भीती जात नाही, ती फक्त सांगायची बंद होते. आजींना दृष्ट काढू द्या. मीठ-मोहऱ्या ओवाळताना त्या ज्या हाताने त्याला कुरवाळतात, त्या हाताची त्याला गरज आहे. फक्त ‘झोपला नाहीस तर बागुलबुवा येईल’ असे घरात कोणीही म्हणू नये.

खऱ्या संकटाची तयारी मात्र लपवून करू नका. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या समुद्रातून गेले तेव्हा मुलगी खिडकीकडे नव्हे, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. मी तिला खरे सांगितले की मलाही भीती वाटते आहे, पण काय करायचे ते आपण ठरवलेले आहे. कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी, विजेरी, पिण्याचे पाणी, चुरमुरे यांची यादी तिच्या हातात होती आणि ती एकेक खूण करत होती. तुम्हीही वरच्या मजल्यावर केव्हा आणि कोणत्या रस्त्याने जायचे हे त्याच्याबरोबर चालून पाहा. हवामान खात्याच्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल इशाऱ्यांचा अर्थ समजावून द्या; लाल इशाऱ्याला घरी थांबणे हे शहाणपण, साध्या पावसाला थांबणे ही भीती, असा फरक त्याला करता येऊ लागेल. फोनवर फिरणारे पुराचे जुने व्हिडिओ मात्र त्याच्यासमोर लावू नका.

हे सर्व सहा-आठ आठवडे करूनही शाळा बुडत असेल, किंवा त्याला पुराची स्वप्ने पडत असतील, तो खेळात पुन्हा पुन्हा तेच मांडत असेल, छोट्या आवाजाने दचकत असेल, तर तज्ज्ञांची मदत घ्या. पूर पाहिलेल्या मुलांसाठी वेगळी उपचारपद्धती असते. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयातही विचारणा करा. ‘लोक काय म्हणतील’ या विचारात मी आठ महिने घालवले, आणि त्या आठ महिन्यांचे मला आजही वाईट वाटते.

आता मुंबईविषयी. शिक्षणासाठी पाठवायचे असेल तर तो तुमचा वेगळा निर्णय आहे, पण भीतीवरचा उपाय म्हणून पाठवू नका. पाऊस मुंबईतही पडतो आणि पाणी तिथेही तुंबते. तिथे त्याला पोटाशी धरायला मात्र तुम्ही नसाल. शिवाय ‘मी घाबरलो म्हणून मला घर सोडावे लागले’ हे त्याच्या मनात राहील. हा पावसाळा त्याला तुमच्याजवळच काढू द्या. दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे आठ दिवस एकट्याला पाठवा, आणि परत आल्यावर त्यालाच विचारा की तिथे झोप कशी लागत होती.