रक्त थांबलंय, मग गोळ्या कशाला?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही तासगावजवळचे, द्राक्षबाग आहे. मिस्टर ४८ वर्षांचे. वजन उतरत होतं, अधूनमधून ताप, पोटऱ्या दुखायच्या, बीपी अचानक वाढलं आणि मग उजवं पाऊलच उचलेना, चप्पल निसटायची. सगळे म्हणाले छाटणीची दगदग. एका रात्री पोटात अशी कळ आली की घामाघूम होऊन पडलेच. मिरजेला सीटी केलं तर पोटात रक्त, लिव्हरच्या रक्तवाहिनीचा फुगा फुटलेला. जांघेतनं नळी घालून कॉईल, म्हणजे फुगा बुजवणारी बारीक तार, बसवली. पॉलीआर्टरायटिस नोडोसा म्हणाले. आता स्टेरॉईडनं तोंड सुजलंय, सासूबाई म्हणतात बंद करा. करू का?

उत्तर : ताई, अजिबात नाही! कॉईलनं एक भोक बुजलं, आजार तिथंच आहे. तुमच्या बागेतली ठिबकची नळी एका जागी पातळ पडली की प्रेशरला तिथंच फुगते ना, तसंच हे, आपलीच प्रतिकारशक्ती मधल्या आकाराच्या धमन्यांच्या भिंतीला सूज आणते, भिंत कमकुवत होते आणि किडनी, लिव्हर, आतड्याच्या धमन्यांवर बारके फुगे येतात. नोडोसा म्हणजे गाठीगाठींचा, १८६६ मध्ये जर्मनीत कुसमाउल आणि मायर यांनी हा आजार मांडला. फुगा फुटून पोटात रक्तस्राव होणं मात्र विरळाच, जास्त करून आतड्याला रक्त कमी पडून जेवणानंतर पोट दुखतं. पाऊल लुळं पडलं ते पायाच्या मज्जातंतूचा (नर्व्हचा) रक्तपुरवठा तुटल्यामुळं आणि बीपी बहुतेक किडनीच्या धमन्यांमुळं, म्हणजे सगळं एकाच माळेतलं.

स्टेरॉईड एकदम सोडलं तर आजार उसळतो, शिवाय शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवायचं विसरलेलं असतं, त्यामुळं माणूस एकदम गळून पडू शकतो. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात, चेहऱ्याची सूजही मग ओसरते. अवयवांना धक्का असेल तर सोबत सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देतात, त्याबद्दल विचारा. आणि हिपॅटायटिस बी तपासलंय का हे नक्की विचारा, काही जणांत आजाराचं मूळ तेच असतं आणि मग उपचाराची दिशाच बदलते, विषाणूवरची औषधं लागतात. बीपी रोज लिहून ठेवा, साखर तपासा, अंगदुखीला मेडिकलमधून पेनकिलर आणून देऊ नका. पायाला स्प्लिंट आणि फिजिओ चालू ठेवा.

पुन्हा पोटात किंवा कुशीत अचानक कळ आली, चक्कर आली, शौचाला काळं झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीही सीटी होतं अशाच ठिकाणी न्या आणि जुन्या सीटीची सीडी सोबत घ्या, आधीचा फुगा कुठं होता ते त्यांना लगेच दिसेल.