घरात दोघांना टीबी झाला, म्हणजे तो आमच्या रक्तातच आहे का?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांपूर्वी वडिलांना टीबी झाला, यंदा धाकट्या भावाला निघाला, आणि "यांच्या घराण्यातच क्षय आहे" म्हणून बहिणीची जवळजवळ ठरलेली सोयरीक मोडली. ते बरोबर झालं का, हे तुमचं विचारणं. नाही, बरोबर झालं नाही. टीबी रक्तातून उतरत नाही, तो खोकल्यातून हवेत आणि हवेतून दुसऱ्याच्या छातीत जातो.

पण तुमच्या मनातला प्रश्न खोटा नाही. माझ्या आजीला टीबी होता. चाळीतली एकच खोली, त्यात सात माणसं. मोठे काका आणि आत्या दोघांना लागण होऊन आजार झाला. माझे वडील तर आजीच्या कुशीत झोपायचे, त्यांना कधीच काही झालं नाही. असं का, या कोड्यापायी मी बरंच वाचलं.

जंतू शरीरात शिरलेल्या शंभर जणांपैकी साधारण पाच ते दहाच जणांना आयुष्यात कधीतरी आजार होतो. कोणाला होणार, यात जनुकांचा वाटा आहे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला टीबी झाला तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांपेक्षा जास्त आढळलं. 1943 साली अमेरिकेत हे दाखवलं गेलं, पुढे ब्रिटनमधल्या जुळ्यांतही. दक्षिण आफ्रिकेत तर टीबीच्या गराड्यात राहूनही काहींची त्वचाचाचणी (जंतू शरीरात शिरलाय का ते सांगणारी) कधी पॉझिटिव्ह येत नाही, आणि त्याचा धागा अकराव्या गुणसूत्रापर्यंत पोचतो. टीवायके2 नावाच्या जनुकातला एक बदल आईकडून आणि वडिलांकडून असा दोन्हीकडून आला तर धोका खूप वाढतो, पण तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत सापडतो. एकूण चित्र असं, की बहुतेकांच्या बाबतीत अनेक जनुकं थोडाथोडा हातभार लावतात. पत्रिकेसारखी जुळवून बघावी अशी कुठलीही चाचणी यातून निघालेली नाही.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते झारखंडमधलं काम. 2023 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. 2,800 रुग्णांच्या घरांतली दहा हजारांहून जास्त माणसं त्यात होती. काही घरांत फक्त रुग्णाला शिधा दिला, तर बाकीच्या घरांत इतरांनाही, मोठ्या माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. त्या इतरांमध्ये टीबी 39 टक्क्यांनी कमी झाला. जनुकं होती तीच होती, फक्त ताटात भर पडली. एका घरातली माणसं रक्ताबरोबर हवा आणि डाळही वाटून घेतात, हे सोयरीक मोडणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

आता तुमच्यासाठी. भावाचा आजार ताजा आहे, म्हणून घरातल्या प्रत्येकाची, बहिणीचीही, याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. छातीचा एक्स-रे नक्की काढायला सांगा आणि वडिलांची साखरही बघा, कारण मधुमेहात टीबीचा धोका वाढतो. आजार नसेल तर प्रतिबंधक गोळ्या विचारा: आठवड्यातून एकदा असे बारा डोस किंवा सहा महिने रोज आयसोनियाझिड, काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. त्या फुकट मिळतात. वडिलांच्या वेळी तुम्हाला कोणी याबद्दल बोललं होतं का? नसेल, तर ती चूक तुमच्या घराण्याची नव्हे.

बहिणीचा एक्स-रे झाला की जरूर कळवा.