कॉलवरचं ते ‘येस’

प्रिय,

काल कँटीनमध्ये तू म्हणालीस, “कॉलवर स्टुटगार्टवाल्या जर्मनांचं अर्धं कळलं नाही, पण विचारलं असतं तर पुण्याच्या टीमला काही येत नाही असं वाटलं असतं.” चहा तसाच टाकून उठलीस. मला रात्री झोप लागली नाही. २००९ साली अगदी हेच मी स्वतःला सांगितलं होतं.

तेव्हा एका जर्मन क्लायंटच्या मालाच्या फाइली यायच्या. वजनाच्या रकान्यात १.२५० होतं. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम देतात आणि हजारांना टिंब. ते साडेबाराशे किलो होते, मी सव्वा धरले. “फॉरमॅट क्लिअर आहे ना?” असं त्यांनी विचारलं, मी “येस” म्हटलं. माझ्या मनात त्याचा अर्थ ‘ऐकलं’, त्यांच्या लेखी ‘समजलं’. सहा आठवड्यांचं काम वाया गेलं. शेजारच्या टेबलावरच्या सिनियरला हे आधीपासून ठाऊक होतं! “तू विचारलं कुठे?” म्हणाला. त्याच्यावर मी वर्षानुवर्षं राग धरला. पण विचारलं नव्हतं, हे खरंच होतं.

म्हणून विचार. लिहून विचार. टीममधल्या सगळ्यांना दिसणाऱ्या चॅट-चॅनेलवर विचार. माझ्या चॅटमध्ये नको; तिथलं उत्तर तिथेच गाडलं जातं आणि पुढच्या महिन्यात येणारा मुलगा पुन्हा तिथेच अडतो.

गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून सत्तेच्या अंतराचा निर्देशांक काढला, म्हणजे वरचा-खालचा ही दरी लोक किती मुकाट मानतात याचं माप; आकडा मोठा, तितकी दरी मोठी. भारत ७७, जर्मनी ३५. ट्रेनिंगमध्ये हे आकडे दाखवले की आपली माणसं पत्रिका बघितल्यासारखी माना डोलावतात. मला हे मान्य नाही. “समजलं का?” म्हटलं की आपला अख्खा वर्ग “होऽऽ” म्हणायचा, ती सवय आहे. सवय मोडता येते.

आणि तुझा कोड तपासताना, रिव्ह्यूमध्ये, स्टुटगार्टच्या त्या माणसाने ‘हे चूक आहे’ एवढंच लिहिलं म्हणून डोळ्यांत पाणी? तो कोडबद्दल बोलतोय, बाई. त्यालाच विचार, का चूक ते. चॅनेलवर.

“घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडतेस?” असं मला एका मॅनेजरने सुनावलं होतं. त्या वर्षी माझं प्रमोशनही गेलं. तरी माझंच बरोबर होतं. तेव्हाचे माझे प्रश्न नवी मुलं अजून शोधून वाचतात.

सध्या त्यांची उन्हाळी वेळ आहे, साडेतीन तासांचा फरक. ते आठला येतात, म्हणजे आपले साडेअकरा. त्याआधी प्रश्न टाक. इंग्रजी चुकलं तरी चालेल. आधी मला दाखवायला मात्र आणू नकोस.